गावाचं नाव झिराड, डॉक्टरबाईंचं नाव झिराड

नमस्कार मंडळी. गेल्या अंकात मी विचारलं होतं की तुमचं आडनाव किंवा तुमच्या गावाचं नाव असं आहे का, की जे दुसऱ्या कुणाचं कधी ऐकलंच नाही, आणि मग एक दिवस भलत्याच ठिकाणी तेच नाव समोर आलं. पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलंय की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अख्खा अंक लागेल. त्यातले सहा प्रश्न घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीये, तो वाचला आणि मी हातातलं काम टाकून तिथेच बसले.

प्रश्न : ताई, मी झिराडचा, तालुका अलिबाग. माझा भाचा दहावीला आहे. त्याने परवा मोबाईलवर शुक्र ग्रहाचा नकाशा दाखवला आणि म्हणाला मामा हे बघ, इथे तुझं गाव आहे. एका मोठ्या खड्ड्याला झिराड नाव दिलेलं. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केलीये. आमच्या एवढ्याशा गावाचं नाव तिथं कुणी नेलं?
— एक वाचक, झिराड

चेष्टा नाहीये दादा, भाच्याने बरोबर दाखवलंय. शुक्रावर खरंच झिराड नावाचं विवर आहे, रुंदी सुमारे ५० किलोमीटर. फक्त ते नाव थेट गावावरून दिलेलं नाहीये, मधे एक बाई आहेत आणि त्या बाईंमुळे ते तिथं पोचलं.

आधी शुक्राचा नियम सांगते. ग्रहांवरच्या डोंगर-खड्ड्यांना नावं द्यायचं काम आंतरराष्ट्रीय खगोल संघटना करते, आणि शुक्रावर दोन-तीन जुने अपवाद सोडले तर सगळी नावं बायकांचीच द्यायची असं ठरलेलं आहे. त्यातही मोठी विवरं असतात ती काहीतरी मोठं काम करून गेलेल्या, हयात नसलेल्या बायकांच्या आडनावाने ओळखली जातात. तर हे झिराड म्हणजे डॉक्टर जेरुशा झिराड. १८९० चा जन्म, शिमोग्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, मग लंडनला जाऊन १९१९ मध्ये तिथली स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्राची एम.डी. घेतली, आणि १९२९ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात बायका कशामुळे मरतात याची त्यांनी रीतसर पाहणी केली होती, ज्या काळात हा प्रश्न विचारण्यासारखा आहे असंच फारसं कुणाला वाटत नव्हतं त्या काळात. १९६६ ला पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला पाहिजे, ग्रहावर आहे आणि पुस्तकात नाही हे बरोबर नाही.

आता त्यांचं आडनाव झिराड कसं, तर त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, त्यातून सात जोडपी वाचली, आणि तिथून लोक आजूबाजूच्या गावांत पसरले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव आडनाव झालं. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर. आपले जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात ना, टक्कल असलेले, प्रेमळ चेहऱ्याचे, बूट पॉलिशमधले जॉनचाचा? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे चौलच, रेवदंड्याला लागून. बाकीच्यांना असा कर लागला, पण झिराड घराण्यात कर न लावता नुसतं गावाचं नावच आडनाव म्हणून राहिलं. त्यामुळे झालं काय, की तुमच्या गावाचं नाव एक अक्षरही न बदलता जसंच्या तसं वर गेलं.

मग इतकी वर्षं गावात कुणाला कळलं कसं नाही? याचं कारण स्पेलिंग. तुमच्या गावाचं नाव सरकारी कागदावर इंग्रजीत झेड काढून लिहितात आणि बाईंचं आडनाव जे-एच ने. इंग्रजीत शोधणाऱ्याला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. देवनागरीत लिहिलं की दोन्ही एकच, झिराड.

मी स्वतः एकदा तुमच्या गावावरून गेलेय, मार्च महिना होता, गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून अलिबागला चालले होते. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, पातीची वेणी घालून बांधलेल्या, आणि रिक्षावाल्याने एका माळेसाठी रिक्षा थांबवली तर समोर पाटी झिराड. तेव्हा मला डॉक्टरबाईंचं नाव माहीत होतं पण शुक्राचं माहीत नव्हतं. मी रिक्षावाल्याला विचारलं की इथे कधी इस्रायली लोक राहायचे का, तर तो म्हणाला अलिबागला आहे ना इस्रायल आळी, तिथे त्यांचं मंदिर पण आहे. मंदिर म्हणजे मागेन अबोथ सिनेगॉग. १९४८ नंतर बरेचसे लोक इस्रायलला गेले, तिथे लोद, रामले, अश्दोद, दिमोना अशा गावांत आजही घरात मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात आणि मायबोली नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा तिकडून काढलं गेलंय. पण आडनावं तिकडे बरीच नाहीशी झाली. कर गळाला, काहींनी हिब्रू आडनाव घेतलं. गाव इथे, माणसं तिथे, आणि जोडणारं नाव मधल्यामधे पुसलं गेलं, हे मला फार लागतं.

भाच्याला अजून दोन नावं शोधायला सांगा. शुक्रावर जोशी नावाचं विवर आहे, कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं, १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या, वय एकवीस. त्या स्वतः आडनाव इंग्रजीत शेवटी दोन ई लावून लिहायच्या, विवराचं स्पेलिंगही तसंच ठेवलंय. आणि तिसरं मेधावी. हे पटकन कुणाला ओळखू येत नाही, पण ते म्हणजे पंडिता रमाबाई, माहेरच्या डोंगरे, नवरा बंगाली, बिपिनबिहारी मेधावी, आणि त्यांचं आडनाव मेधावी. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई अमेरिकेत हजर होत्या. तिघींचा आकार विचाराल तर झिराडच सगळ्यात मोठं आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या शाळेतली पोरं विचारतात की मंगळावर लोणार आहे म्हणे, ते आपल्या सरोवरामुळे का?
— एक शिक्षक, बुलढाणा जिल्हा

हो, आपल्याच लोणारचं नाव. मंगळाचा नियम शुक्रापेक्षा वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो. मंगळावरची लहान विवरं असतात त्यांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं देतात, एक लाखाच्या आत वस्ती असलेली गावं. म्हणजे मोठं शहर असून उपयोग नाही, गाव छोटं पाहिजे. पोरांना एवढं सांगा की आपलं लोणारचं विवर बसाल्टच्या म्हणजे काळ्या पत्थराच्या थरात उल्का आदळून झालंय, रुंदी १.८ किलोमीटरच्या आसपास, आणि मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बसाल्टचाच, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येऊन दगड बघतात. मंगळावरचं लोणार आपल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, पण मूळ नाव आपलं.

प्रश्न : आमच्या घरात वाद चालू आहे. नवरा म्हणतो कर असलेली सगळी आडनावं गावावरून आली. मग मंगेशकरांचं गाव मंगेशी असेल तर मंगेशीत मंगेशकर किती घरं आहेत? मी गेले होते, मला एकही पाटी दिसली नाही. माझं बरोबर की नवऱ्याचं?
— एक वाचक, डोंबिवली

दोघांचंही बरोबर, आणि तुमच्या प्रश्नात जी गोष्ट आहे ना ती लोकांच्या लक्षातच येत नाही. कर हे आडनाव गावात राहून फारसं मिळत नाही, गाव सोडल्यावर मिळतं. विचार करा, चिपळूणात जर सगळेच चिपळूणचे तर कुणाला चिपळूणकर म्हणून वेगळं काय ओळखणार? तो माणूस पुण्याला जातो, तिथे लोक विचारतात हा कोण, तर चिपळूणहून आलाय, चिपळूणकर. म्हणजे ते आडनाव मुळात दुसऱ्या गावाने दिलेलं असतं. म्हणून ज्या गावाचं आडनाव त्याच गावात शोधायला गेलं की बहुतेक वेळा हात हलवत परत यायला लागतं.

मंगेशकरांचं तर अगदी नीट माहीत आहे. मास्टर दीनानाथांचा जन्म १९०० चा, मंगेशीचाच. वडिलांकडचं आडनाव हर्डीकर, आणि देवाला अभिषेक करणारं घराणं म्हणून अभिषेकी. दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतलं ते गाव आणि देव दोन्ही बरोबर राहावेत म्हणून, आणि लताबाई १९२९ ला जन्मल्या त्या इंदूरला. म्हणजे जगभर ज्यांच्यामुळे मंगेशी हे नाव गेलं त्या जन्मल्या मंगेशीपासून कितीतरी लांब. उलट जितेंद्र अभिषेकी, त्यांचाही जन्म १९२९ चाच, तेही मंगेशीचे, त्यांनी गावाचं न घेता कामाचं नाव चालवलं. एकाच देवळाच्या अंगणातून दोन आडनावं निघाली आणि दोन्ही गाण्यात अमर झाली, हे मला कितीदा सांगितलं तरी पुरे होत नाही.

आणि मंगेशी हे गावाचं नावसुद्धा देवाबरोबर चालत आलेलं आहे. देव आधी झुआरी नदीकाठी कुठ्ठाळीला होता, पोर्तुगीजांच्या काळात देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० मध्ये लोकांनी तो नदीपलीकडे प्रियोळला नेला, कारण तो भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. देव गेला तिथे मंगेशी झालं.

अजून एक उदाहरण सांगते, नवऱ्याला दाखवा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे म्हणून छोटं गाव आहे. सकपाळ घराण्याचं हे मूळ गाव, त्यावरून शाळेच्या दाखल्यात आंबडवेकर लागलं आणि पुढे त्याचं आंबेडकर झालं. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, मध्य प्रदेशात महूला. आणि आता त्या महूचं अधिकृत नाव काय आहे, तर डॉक्टर आंबेडकर नगर. म्हणजे कोकणातल्या एका वाडीवस्तीच्या गावाचं नाव एका घराण्याला लागलं, त्या घराण्यातल्या माणसाचं नाव शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या गावाला लागलं. आंबडव्याला जा कधीतरी, रस्ता वळणावळणाचा आहे पण जाच.

प्रश्न : साष्टी नक्की कुठे आहे? माझ्या आजोळची माणसं मडगावची, ती म्हणतात आम्ही साष्टीचे. आणि माझे सासरे भाईंदरचे, ते पण म्हणतात आमचं साष्टी बेट. लग्नात दोन्हीकडची मंडळी एकमेकांना तुम्ही कुठले साष्टीचे विचारत होती.
— एक वाचक, वसई

दोन्हीकडची मंडळी खरी. दोन्ही नावांचा अर्थही एकच, सासष्ट म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. गोव्यात मडगावच्या आसपासचा तालुका तो एक साष्टी, आणि वांद्र्यापासून ठाणे-भाईंदरपर्यंतचं बेट ते दुसरं. दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, दोन्हीचं नाव त्यांनी सालसेत असं काहीसं लिहिलं, आणि तिथून कागदपत्रांत घोळ सुरू झाला तो आजपर्यंत. वेगळेपण पुढे आलं. मुंबईकडची साष्टी मराठ्यांनी १७३७ ला घेतली, दोन वर्षांनी वसई पडली, मग १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. गोव्याची साष्टी १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच. तुम्ही जुनी कागदपत्रं शोधत असाल तर आधी बघा की कागदात वसई आहे का मडगाव, नाहीतर दुसऱ्याच साष्टीतले पूर्वज घरी घेऊन याल. आणि वर जी कुठ्ठाळी सांगितली ना, मंगेशाची मूळ जागा, ती त्या काळी गोव्याच्या साष्टीतलीच.

प्रश्न : लेक ऑकलंडला असते. तिने हायवेवरच्या पाटीचा फोटो पाठवला, बॉम्बे. तिथे कोणी मुंबईकर जाऊन राहिला होता का?
— एक वाचक, दादर

नाही हो, ते जहाजाचं नाव. १८६० च्या दशकात बॉम्बे नावाच्या जहाजाने इंग्लंडहून माणसं न्यूझीलंडला गेली, ऑकलंडच्या दक्षिणेला त्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांनी वस्तीला जहाजाचंच नाव ठेवलं. तिकडे बॉम्बे हिल्स म्हणजे ऑकलंडची वेसच समजतात. आपल्याकडे मुंबई झालं १९९५ ला, तिकडे बॉम्बे तसंच आहे. लेकीला म्हणावं पाटीखाली उभं राहून अजून एक फोटो काढ.

प्रश्न : ताई, आमचा प्रॉब्लेम उलटा आहे. आडनाव नागावकर. वडील लवकर गेले, मूळ गाव कुणी सांगितलंच नाही. नकाशात बघितलं तर नागाव अलिबागला आहे, उरणला आहे, धुळ्याकडे आहे, कोल्हापूरकडेही आहे. त्यात माझ्या शाळेच्या दाखल्यावर क्लार्कने नागवकर लिहून ठेवलंय आणि ते तसंच आधारवर गेलं. यातून मार्ग आहे का?
— एक वाचक, पिंपरी

आधी सोपं ते सांगते. स्पेलिंग किंवा काना गेला असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा, अर्ज ऑनलाइन होतो, आणि तो राजपत्राचा कागद दाखवून मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट एकेक करत जायचं. कंटाळा करू नका, तो काना तुमच्या गावाचा आहे. माझ्या सख्ख्या मावशीचं आडनाव असंच एका ऑफिसात चुकलं, तिने चालवून घेतलं, आणि आता तिच्या नातवंडांचं आडनाव असं झालंय की त्यातून गाव कुणालाच काढता येणार नाही.

आता गाव. नकाशावरून शोधू नका, देवावरून शोधा. घरात देवाऱ्यात कोण आहे, कुलदैवत कोणतं, लग्नाच्या आधी कुठल्या देवाला नारळ जातो, आजी कुठल्या जत्रेचं नाव काढायची, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुषांना विचारून फारसं हाती लागत नाही हा माझा अनुभव. घरात मासे कसे करायचे, चिंच की कोकम, एवढ्यावरूनसुद्धा किनारा की घाट याचा अंदाज येतो.

आणि मग नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या असतात, आडनाव आणि गाव यानुसार लावलेल्या, किती पिढ्यांच्या. कुणी अस्थी घेऊन गेलं, कुणी श्राद्धाला गेलं, की गुरुजी वहीत लिहून घेतात, कोण, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, बरोबर कोण आलं होतं. आमच्या घरचं गाव मला तिथेच कळलं. गुरुजींनी आधी आडनाव विचारलं, मग आत जाऊन लाल फडक्यात बांधलेली लांबोडकी वही आणली, पानं हाताला खरखरीत, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले. वरचं सगळं मोडीत होतं, मला एक अक्षर लागेना, त्यांनी वाचून दाखवलं. खाली मात्र माझ्या आजोबांची सही बालबोधीत होती, शाई तपकिरी झालेली, आणि सहीच्या पुढे त्यांनी गावाचं नाव लिहिलं होतं, मुक्काम अमुक, तालुका अमुक. आजोबा वारले तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यांचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

जाताना वडिलांचं, आजोबांचं आणि माहीत असेल तर पणजोबांचं नाव कागदावर लिहून न्या, चुलत घराण्यातलं कुणाचं माहीत असेल तर तेही. एका गुरुजींकडे वही नसली तर ते सांगतात कुणाकडे असेल. सकाळी लवकर जा, दुपारी गर्दी असते. आणि वही सापडली की तुमचं स्वतःचं नाव, मुलांची नावं, सध्याचा पत्ता लिहून द्या, काना देऊन, नागावकर. काय मिळालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.